तहरीर चौकानंतर: ब्रदरहुड, लष्कर आणि मधली अडीच वर्षं

घाटवळण (धागाकर्ता)

बांगलादेशच्या धाग्यावर परवा एक प्रतिसाद आला होता: "सगळीकडे तीच गत. पोरं रस्त्यावर उतरतात, मलई धर्मवाले खातात, आणि शेवटी लष्कराला यावं लागतं. इजिप्त बघा." त्याला सतरा जणांनी +१ दिलं. तिथेच उत्तर दिलं असतं, पण त्या धाग्याचं आधीच काश्मीर झालंय, म्हणून हा वेगळा.

माझं म्हणणं एवढंच की इजिप्तमध्ये लष्कर 'शेवटी' आलं नाही. राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक पायउतार झाले त्या ११ फेब्रुवारी २०११ लाच ते सत्तेत आलं आणि त्यानंतर गेलंच नाही. मधल्या काळात मुस्लिम ब्रदरहुड ही इस्लामवादी संघटना लष्कराशी भांडत कमी होतं आणि जुळवून जास्त घेत होतं. लष्कराने ब्रदरहुडच्या राष्ट्राध्यक्ष मोर्सींना हटवलं ते जुलै २०१३ चं बंड सगळ्यांना आठवतं. मला २०११ चं वर्ष जास्त महत्त्वाचं वाटतं, त्यामुळे तिथेच रेंगाळतो.

आंदोलनासाठी २५ जानेवारी निवडली कारण तो तिथला पोलीस दिन. राग पोलिसांवर होता. जून २०१० मध्ये अलेक्झांड्रियात खालिद सईद नावाच्या तरुणाला पोलिसांनी मरेस्तोवर मारलं, त्याच्या नावाने फेसबुक पान निघालं, आणि तिथून ही हाक गेली. २८ जानेवारीच्या शुक्रवारी नमाजानंतर जी गर्दी लोटली तिच्यापुढे पोलिसांनी संध्याकाळपर्यंत काढता पाय घेतला. मुबारक यांच्या पक्षाचं नाईलकाठचं मुख्यालय पेटलं आणि रणगाडे शहरात आले. लोकांनी त्यांचं स्वागत केलं. रणगाड्यावर चढून फोटो, सैनिकांच्या हातात फुलं, आणि घोषणा: "लष्कर आणि जनता, एकच हात."

लष्कराने मुबारकना वाचवलं नाही हे खरं. पण त्यात लोकशाहीप्रेम किती होतं? मुबारक मुलाला, गमालला, गादीवर बसवायच्या तयारीत होते. गमाल लष्करातला नव्हता आणि त्याच्या अवतीभवती बड्या उद्योगपतींचा गोतावळा होता. सेनापतींचे स्वतःचे कारखाने, जमिनी, कंत्राटं होती. त्यांना हा वाटेकरी नको होता. पोरांनी परस्पर काम सोपं करून दिलं. मुबारक गेले, सत्ता 'सशस्त्र दलांच्या सर्वोच्च परिषदे'कडे आली. तिचे प्रमुख फील्ड मार्शल तन्तावी हे १९९१ पासून मुबारक यांचेच संरक्षणमंत्री!

आता कळीचा प्रसंग. १९ मार्च २०११, सार्वमत. वरवर बघता मोजक्या घटनादुरुस्त्यांना हो की नाही. खरा प्रश्न असा की आधी निवडणूक की आधी राज्यघटना. कैरोच्या तहरीर चौकातली आंदोलक पोरं म्हणत होती, आधी सगळ्यांनी बसून घटना ठरवू. ब्रदरहुडला निवडणूक लवकर हवी होती, कारण गल्लोगल्ली माणसं असलेली संघटना त्यांचीच. लष्करालाही तेच हवं होतं. मशिदींतून 'हो'चा प्रचार झाला. ७७ टक्के 'हो' पडलं, आणि एका सलाफी (कट्टर सनातनी इस्लामी पंथाच्या) प्रवचनकाराने ही मतपेट्यांची गझवा, म्हणजे धर्मलढाई, आपण जिंकली असं जाहीर करून टाकलं. पुढच्या अकरा दिवसांत लष्कराने साठाहून जास्त कलमांचा घटनात्मक जाहीरनामा काढला. लोकांनी मत दिलं होतं मूठभर कलमांवर. ब्रदरहुडने हूं की चूं केलं नाही.

मग नोव्हेंबर. सरकारने एक मसुदा पुढे आणला: लष्कराचं बजेट संसदेला तपासता येणार नाही, लष्कराविषयीच्या कायद्यांत लष्कराचा शब्द चालणार. १८ नोव्हेंबरला याविरुद्ध तहरीरमध्ये प्रचंड सभा झाली. तीत ब्रदरहुड होतं, सलाफी होते, डावे होते. संध्याकाळी ब्रदरहुडने मंडळी घरी नेली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या थोड्या लोकांवर पोलीस तुटून पडले आणि गृहखात्याकडे जाणाऱ्या मोहम्मद महमूद रस्त्यावर पुढचे पाच-सहा दिवस जे चाललं त्यात चाळीसहून जास्त माणसं गेली. छर्रे डोळ्यांवर नेम धरून मारले जात होते. एका तरुण दंतवैद्याचा एक डोळा २८ जानेवारीला गेला होता, दुसरा या रस्त्यावर गेला. नंतर त्या रस्त्याच्या भिंतींवर डोळ्याला पट्टी बांधलेले चेहरे रंगवलेले होते. ब्रदरहुड अधिकृतपणे आलंच नाही. २८ तारखेला मतदान होतं ना!

ती निवडणूक त्यांनी मारली, जवळजवळ निम्म्या जागा. सलाफींना चौथाई. पोरांचे पक्ष औषधालाही सापडेनात.

आणि त्यांची २०१२ ची राज्यघटना बघा. संरक्षणमंत्री लष्करी अधिकारीच असणार. बजेटची चर्चा राष्ट्रीय संरक्षण परिषदेत, जिथे गणवेशवाल्यांचं पारडं जड. लष्कराला बाधा आणणाऱ्या गुन्ह्यांसाठी नागरिकांवर लष्करी कोर्टात खटला. ज्या मसुद्याविरुद्ध वर्षभरापूर्वी सभा घेतली, त्यातलं बरंचसं स्वतःच्या हाताने लिहून दिलं.

मोर्सींचं राष्ट्राध्यक्षपद, रबा चौकातला गोळीबार, मोर्सींना हटवणारे सेनापती सिसी यांवर प्रतिसादांत बोलू.

---

बाळ्या_बारामतीकर

वाचनखूण साठवली. सतरा +१ मधला एक माझा होता, तो तूर्तास गोठवतो.

---

तिरकस

लेख माहितीपूर्ण, पण ब्रदरहुडला बिच्चारं करण्याची घाई झालीये. लष्कर लबाड होतं, मान्य. मग २२ नोव्हेंबर २०१२ चा मोर्सींचा फतवा कुणी काढला? माझ्या निर्णयांना कुठल्याही कोर्टात आव्हान देता येणार नाही, असं निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष म्हणतो. घटना समितीतून उदारमतवादी आणि चर्चचे प्रतिनिधी बाहेर पडले तरी रात्रभर बसून मसुदा संपवला. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या वाड्याबाहेर तंबू टाकलेल्या लोकांवर ब्रदरहुडचे समर्थक धावून गेले. आणि त्या घटनेला जेमतेम ३३ टक्के मतदान. तुमच्या लेखात हे सगळं 'प्रतिसादांत बोलू' म्हणून बाजूला. सोयीस्कर आहे हो.

---

घाटवळण

तिरकसराव, यातलं काहीच नाकारत नाही. तो हुकूम म्हणजे शुद्ध मस्ती होती. पण त्यांची दादागिरी कुणावर चालली ते बघा. कोर्टं, वर्तमानपत्रं, विरोधक, कॉप्टिक ख्रिश्चनांच्या शंका. लष्करावर एकदाही नाही.

ऑगस्ट २०१२ मध्ये तन्तावींना निवृत्त केलं तेव्हा जगभर 'मोर्सींनी लष्कराला वेसण घातली' अशा बातम्या झाल्या. दोन सेनापतींना पदकं आणि सल्लागारपद देऊन घरी पाठवलं, आणि जागेवर आणले लष्करी गुप्तचर खात्याचे प्रमुख अब्देल फत्ताह अल-सिसी. नमाजी, बायको हिजाबवाली, म्हणून हा आपला माणूस असा ब्रदरहुडचा हिशेब. याच गृहस्थांनी मार्च २०११ मध्ये अटक केलेल्या मुलींच्या 'कौमार्य चाचण्यां'चं समर्थन केलं होतं: सैनिकांवर बलात्काराचा आळ येऊ नये म्हणून म्हणे!

---

सुमेधा

छान धागा. एक बाळबोध प्रश्न. लष्कराचे कारखाने म्हणजे नेमकं काय? दारूगोळ्याचे का?

---

घाटवळण

दारूगोळा तर आहेच, पण मॅकरोनीसुद्धा आहे, सुमेधाताई. बाटलीबंद पाणी, सिमेंट, पेट्रोलपंप, मत्स्यशेती, रस्त्यांची कंत्राटं, लग्नाचे हॉल. इस्रायलशी तह झाला त्या १९७९ मध्ये यासाठी एक खास संस्था काढली: युद्ध नाही, तर एवढं मोठं सैन्य स्वतःचं पोट स्वतः भरेल असा विचार. जमीन फुकट किंवा मातीमोल, कर बऱ्याच ठिकाणी माफ, सक्तीच्या भरतीची पोरं मजूर म्हणून. खासगी कारखानदार यापुढे टिकणार कसा? वर अमेरिकेची वर्षाला १३० कोटी डॉलरची लष्करी मदत. २०१४ च्या घटनेत तर लष्कराचं बजेट एका आकड्यात येईल असंच लिहून टाकलंय. एक ओळ, एक आकडा, पुढचं विचारू नका.

---

दर्यावर्दी

मी मर्चंट नेव्हीत होतो, सुएझमधून बरेचदा गेलोय. कालव्यात शिरताना दोरखंडवाले आणि दिवेवाला इलेक्ट्रिशियन जहाजावर चढतात, आणि पलीकडे उतरेपर्यंत एखाद्या कोपऱ्यात चादर अंथरून छोटं दुकान मांडतात. पपायरसची चित्रं, पितळी पिरॅमिड, टोप्या. २०१२ मध्ये हीच माणसं आपसात असली भांडत की आमचा बोसन मध्ये पडायचा. एक शफीकवाला (राष्ट्राध्यक्षपदाला मोर्सींविरुद्ध उभे होते ते), एक मोर्सीवाला, आणि एक म्हणायचा दोघंही चोर. मला अरबी येत नाही, पण हातवारे बघून आपल्याकडच्या ग्रामपंचायतीची आठवण यायची.

२०१४ नंतर त्याच चादरीवर सिसींचा फोटो असलेल्या की-चेन आल्या. मी एकाला सहज विचारलं, इलेक्शन कसं काय? तो हसला आणि म्हणाला, "कॅप्टन, टोपी घ्या." मी कॅप्टन नव्हतो. आणि टोपी घेतली.

---

बाळ्या_बारामतीकर

दर्यावर्दी काका, टोपी घेतली की घातली? :)

---

पंतोजी

या सगळ्याची एक जुनी आवृत्ती आहे, ती इथे नोंदवून ठेवतो.

जुलै १९५२ मध्ये 'फ्री ऑफिसर्स'नी राजा फारूकला हाकललं तेव्हा ब्रदरहुडने पाठिंबा दिला होता. संघटना १९२८ मध्ये इस्माइलियात हसन अल-बन्ना या शाळामास्तराने काढलेली. १९४९ मध्ये त्यांचा खून झाला तो राजाच्या राजवटीत, त्यामुळे राजा गेल्याचा त्यांना आनंदच. जानेवारी १९५३ मध्ये अधिकाऱ्यांनी सगळ्या पक्षांवर बंदी घातली. ब्रदरहुडला वगळलं, कारण ती म्हणे धार्मिक संघटना, पक्ष नव्हे. बाकीच्यांची घरं पाडली जात असताना ब्रदरहुड गप्प.

फेब्रुवारी १९५४ मध्ये त्या अधिकाऱ्यांतले दोन म्होरके, नासर आणि राष्ट्राध्यक्ष असलेले जनरल नगीब, यांचं फाटलं. नगीबना परत आणा म्हणून आबदीन राजवाड्यासमोर लाखभर माणूस जमला. तो पांगेना. तेव्हा नगीबनी गर्दीतल्या अब्देल कादिर औदा या ब्रदरहुडच्या नेत्याला वर सज्जात बोलावून घेतलं. व्यवसायाने वकील, पूर्वी न्यायाधीश. त्यांनी हात केला आणि चौक रिकामा झाला. ज्याच्या एका खुणेवर एवढी गर्दी हलते तो माणूस किती धोक्याचा, हे नासरनी त्याच दिवशी ओळखलं असं बरेच इतिहासकार मानतात. ऑक्टोबरमध्ये अलेक्झांड्रियात नासरवर गोळ्या झाडल्या गेल्या, ब्रदरहुडवर वरवंटा फिरला, आणि डिसेंबर १९५४ मध्ये फासावर गेलेल्या सहा जणांत औदा होते.

२०११ च्या ब्रदरहुड नेत्यांना हा इतिहास पाठ होता. त्यांच्यातले कितीतरी जण नासर, सादात, मुबारक तिघांच्याही तुरुंगांत राहून आलेले. तरी तीच वाट धरली.

---

अवनी

पंतोजी, जबरदस्त. औदांचं मला ठाऊक नव्हतं.

पण मला वाटतं सगळं खापर ब्रदरहुडवर फोडल्याने दुसरी बाजू सुटते. ३ जुलै २०१३ च्या संध्याकाळचं ते प्रक्षेपण आठवा. सिसी बोलतायत आणि बाजूला ओळीने कोण बसलंय? अल-अझहर या धर्मपीठाचे शेख, कॉप्टिक पोप, मोर्सींविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्या 'तमर्रुद' मोहिमेचा तरुण नेता, आणि नोबेलविजेते मोहम्मद अल-बरादेई. आयुष्यभर कायद्याच्या राज्याच्या गप्पा मारणारा माणूस निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाला बंदुकीच्या धाकावर हटवण्याला साक्षीदार! उपराष्ट्राध्यक्षपदही घेतलं. १४ ऑगस्टला रबा अल-अदविया चौक रिकामा करताना गोळीबार झाला, एका दिवसात किमान ८१७ माणसं मारली गेली असं ह्युमन राइट्स वॉचने नोंदवलंय, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि देश सोडला. म्हणजे चूल पेटल्यावर कळलं की आत लाकूड आहे.

आणि टीव्हीवरचे, कॅफेतले सुशिक्षित लोक त्या ऑगस्टमध्ये टाळ्या वाजवत होते. हे हुच्चभ्रूपण मला ब्रदरहुडच्या मस्तीइतकंच भयंकर वाटतं.

---

तिरकस

टाळ्या वाजवणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे, अवनी. रबानंतरच्या दोन-तीन दिवसांत 'वरच्या', म्हणजे दक्षिण, इजिप्तमध्ये चाळीसेक चर्च जाळली गेली. मिन्यातल्या कॉप्टिक कुटुंबाने काय करायचं होतं? मानवाधिकारांवर निबंध लिहायचा? ३० जूनला मोर्सींविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या लाखो लोकांना पर्याय काय होता ते सांगा. संसद नाही, कोर्ट राष्ट्राध्यक्ष मानत नाहीत, वीज नाही, पेट्रोलला रांगा.

---

अवनी

मागणी होती मुदतपूर्व निवडणुकीची. तमर्रुदच्या अर्जावरही तेच होतं. १ जुलैला लष्कराने ४८ तासांची मुदत दिल्याबरोबर कुणालाही वाटाघाटी करायची गरज उरली नाही. मोर्सी अडून बसले, विरोधक लष्कराची वाट बघत बसले. आणि तीन वर्षांच्या आत मुदतपूर्व निवडणूक मागणारेच तुरुंगात.

राहिला कॉप्टिकांचा प्रश्न. ९ ऑक्टोबर २०११ ला मास्पेरोला, सरकारी टीव्हीच्या इमारतीसमोर, कॉप्टिक मोर्चावर चिलखती गाड्या कुणी घातल्या? पंचवीसहून जास्त माणसं गेली. त्या गाड्या ब्रदरहुडच्या नव्हत्या. सरकारी टीव्हीवरची निवेदिका त्या वेळी लष्कराचं रक्षण करायला या म्हणून लोकांना आवाहन करत होती. कॉप्टिकांना दोन्हीकडून मार, आणि त्यातल्या एकाला 'रक्षक' म्हणायची सक्ती.

---

तिरकस

मास्पेरोचा मुद्दा बिनतोड. तेवढा मागे घेतो. बाकीचं नाही.

---

कोकणकडा

हे सगळं वाचून आपल्या लष्कराचं कौतुक वाटतं. आपल्याकडे हे का झालं नाही यावर कुणी लिहील का?

---

घाटवळण

लिहायला हवं, पण इथे अवांतर होईल. भारताशी सरळ संबंध असलेली एक गोष्ट मात्र आहे. मार्च २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोर्सी दिल्लीत सरकारी पाहुणे होते. साडेतीन महिन्यांत ते कोठडीत गेले आणि १७ जून २०१९ ला कोर्टात सुनावणी चालू असताना कोसळून वारले. त्यांना हटवणारे सिसी २६ जानेवारी २०२३ ला कर्तव्यपथावर आपले प्रमुख पाहुणे. इजिप्तच्या सैन्याची तुकडीही संचलनात होती. परराष्ट्र धोरणात हे असंच चालतं, तक्रार नाही.

तिरकसराव, 'पर्याय काय होता' हा प्रश्न मला खरंच अडचणीचा वाटतो. जून २०१३ मध्ये बहुधा चांगला पर्याय उरलेला नव्हता. म्हणून तर मी २०११ वर अडून बसलोय. तेव्हा पर्याय होता: चौक एकत्र होता, लष्कर गोंधळलेलं होतं, आणि त्याला राज्य कसं चालवायचं ते कळत नव्हतं. त्या काळात ज्याला जी सवलत हवी होती ती तो एकटाच जाऊन सेनापतींकडून घेऊन आला. ब्रदरहुडने लवकरची निवडणूक घेतली. उदारमतवाद्यांनी 'धर्मवाल्यांविरुद्ध हमी' मागितली, तो नोव्हेंबरचा मसुदा त्यातूनच निघाला होता. न्यायाधीशांनी जून २०१२ मध्ये संसद बरखास्त करून दिली, तीही राष्ट्राध्यक्षपदाच्या अंतिम फेरीला दोन दिवस असताना. मोर्सी ५१.७ टक्क्यांनी जिंकले ते अशा देशात, जिथे संसदच नव्हती.

मोर्सी मुळात पहिल्या पसंतीचे नव्हतेच. ब्रदरहुडचे बडे नेते खैरत अल-शातेर यांचा अर्ज बाद झाला म्हणून यांना पुढे केलं. लोक त्यांना तोंडावर 'स्टेपनी' म्हणत.

---

सुमेधा

आणि असा देश आहे का जिथे लष्कर आणि इस्लामवादी आधीपासून एकत्रच होते? तिथे उठावानंतर काय झालं?

---

पंतोजी

सुदान. १९८९ चं ओमर अल-बशीर यांचं बंड हसन अल-तुराबींच्या इस्लामी आघाडीसोबतच झालं. बराकीत बशीर, विचार तुराबींचा. दहा वर्षांनी बशीरनी तुराबींनाच बाजूला केलं, पण त्यांची माणसं नोकरशाहीत, सैन्यात, गुप्तचर खात्यात मुरलेली राहिली. डिसेंबर २०१८ मध्ये अतबारा या रेल्वे कामगारांच्या गावात भाकरीच्या भावावरून आग लागली, ११ एप्रिल २०१९ ला बशीर गेले. तिथल्या पोरांनी इजिप्तकडून धडा घेतला होता. बशीर गेल्यावर घरी गेले नाहीत, लष्करी मुख्यालयासमोरच बसून राहिले. ३ जूनला ते ठिय्या आंदोलन रक्तात बुडवलं, शंभराहून जास्त मेले. तरी माघार नाही, आणि अर्धी सत्ता नागरी लोकांना द्यावी लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये लष्करप्रमुख बुरहान आणि निमलष्करी दलाचा प्रमुख हेमेदती या दोघांनी मिळून ती काढून घेतली. एप्रिल २०२३ पासून ते दोघं एकमेकांशी लढतायत, आणि बशीर काळातल्या इस्लामवाद्यांच्या तुकड्या बुरहानच्या सैन्याच्या खांद्याला खांदा लावून.

---

बाळ्या_बारामतीकर

ट्युनिशिया राहिला.

---

घाटवळण

तिथे सैन्य लहान, त्याचे कारखाने नाहीत. त्यामुळे २०१३ च्या पेचात अन्नहदा या इस्लामवादी पक्षाला आणि विरोधकांना लष्कराकडे धावता आलं नाही. कामगार संघटना आणि वकील मध्ये पडले, तोड निघाली, २०१५ चं नोबेल मिळालं. मग २५ जुलै २०२१ ला राष्ट्राध्यक्ष कैस सईदनी संसद गोठवली आणि दारात लष्कराची गाडी उभी केली. अन्नहदाचे नेते घन्नूशी २०२३ पासून तुरुंगात. लहान सैन्यही पुरतं म्हणायचं.

---

तिरकस

सगळं ठीक. पण शेवटी लष्कर विरुद्ध इस्लामवादी ही लढाई होतीच ना? सिसींनी ब्रदरहुडला दहशतवादी ठरवलं, हजारोंना आत टाकलं. याला धर्मांधतेविरुद्धची लढाई का म्हणू नये?

---

घाटवळण

कारण ३ जुलैच्या त्या प्रक्षेपणात अवनीने सांगितलेल्या मंडळींसोबत आणखी एक दाढीवाले गृहस्थ बसले होते: सलाफींच्या नूर पक्षाचे सरचिटणीस. शरियतच्या बाबतीत हा पक्ष ब्रदरहुडपेक्षा कितीतरी कडवा. मोर्सींच्या घटनेत धर्माची कलमं आणखी घट्ट करा म्हणून हटून बसलेले हेच. ते सिसींच्या बाजूने गेले. २०१४ च्या घटनेत धर्माच्या पायावर पक्ष काढायला बंदी आहे, पण नूर पक्ष त्यानंतरही शाबूत राहिला आणि २०१५ ची निवडणूक लढवून दहा-बारा जागा घेऊन संसदेत बसला. त्याच काळात '६ एप्रिल' या तरुणांच्या चळवळीचा अहमद माहेर, ज्याने मुबारक आणि मोर्सी दोघांविरुद्ध मोर्चे काढले आणि ज्याचा धर्माच्या राजकारणाशी काडीचा संबंध नाही, तो विनापरवानगी निदर्शनं केल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा भोगत होता.